कोचचा फोन आला की आईबाबांनी खोलीबाहेर जावं

टेनिस खेळणाऱ्या माझ्या लेकीचा अमेरिकेतल्या कॉलेजच्या कोचशी पहिला व्हिडिओ कॉल झाला तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसात वाजले होते, तिकडे पूर्व किनाऱ्यावर सकाळचे दहा. ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने बाजूला, हातात वही घेऊन. कोचने विचारलं, "मागच्या महिन्यात तू तिसऱ्या सेटमध्ये हरलीस, त्या मॅचमध्ये काय झालं?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी वहीवर लिहिलं, 'क्रॅम्प्स'. तिने ते म्हणून टाकलं. पुढे तीन वेळा "येस कोच" आणि एकदा "माय फादर विल टेल यू". अकरा मिनिटांत कॉल संपला. त्या कॉलेजकडून पुन्हा काहीही आलं नाही.

त्या मॅचमध्ये तिला क्रॅम्प आलेच नव्हते. ५-२ अशी आघाडी असताना दडपणाने तिचा हात आखडला होता. बालेवाडीहून घरी येताना गाडीत तिने ते मला नीट सांगितलंही होतं : "आई, मी जिंकायला खेळतच नव्हते गं, कधी एकदा संपतंय असं झालं होतं." कोचला नेमकं हेच ऐकायचं होतं, आणि मी ते तिला बोलू दिलं नाही.

अमेरिकेतल्या कॉलेजच्या संघात जागा आणि स्कॉलरशिप मिळवायची तर मुलाने कोचशी कसं बोलावं, याबद्दल त्यानंतरच्या दीड वर्षात आम्ही जे शिकलो ते इथे लिहिते आहे. उदाहरणं टेनिसची आहेत, कारण मला तेच माहीत आहे. पोहणं, ॲथलेटिक्स, गोल्फ खेळणाऱ्या मुलांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. आपल्याकडची मुलं बोलायला कमी पडतात ती इंग्रजीमुळे नव्हे. मोठ्यांपुढे जास्त बोलू नये, स्वतःची टिमकी वाजवू नये, पैशाचं आईबाबा बघतील, हे आपणच त्यांना लहानपणापासून शिकवलेलं असतं. संस्कार चांगलाच आहे. पण तिकडच्या कोचकडे पंधरा-वीस मिनिटं असतात आणि त्या वेळात मूल गप्प राहिलं तर तो समजतो की याला फारसा रस नाही.

आधी मैदान ओळखून घ्या

कॉलेज टेनिसमधून पुढे गेलेली माणसं आपल्या ओळखीची आहेत. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००७ आणि २००८ असा सलग दोनदा एनसीएएचा, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या मुख्य संघटनेच्या स्पर्धेचा, एकेरीचा विजेता होता. आपली ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमकडून खेळली आणि २०२३ मध्ये हांगचौला आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटचा. म्हणजे हा रस्ता नवा नाही. पण हा रस्ता एकच आहे असंही समजू नका.

एनसीएए या संस्थेत तीन गट आहेत. डिव्हिजन वन आणि टूमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप मिळू शकते. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी पैसा मिळत नाही. तिथे अभ्यासाच्या गुणवत्तेवर किंवा कुटुंबाच्या आर्थिक गरजेनुसार मदत मिळते. याशिवाय एनएआयए ही वेगळी संघटना आणि बारावीनंतरची दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं (आपली अकरावी-बारावीची नव्हेत) आहेत. 'डिव्हिजन थ्री' म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडतात, पण एमआयटी डिव्हिजन थ्रीमध्येच खेळतं. उलट हार्वर्ड, प्रिन्स्टनसारखी आयव्ही लीगची कॉलेजं डिव्हिजन वनमध्ये असूनही खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत. हे मुलाला आधीच माहीत हवं. आयव्हीच्या कोचला पहिल्याच कॉलमध्ये "टेनिस स्कॉलरशिप किती टक्के?" असं विचारणं म्हणजे आपण काहीच वाचून आलो नाही हे सांगणं.

आता तारखा. टेनिससह बहुतेक खेळांमध्ये डिव्हिजन वन आणि टूचे कोच मुलाशी थेट बोलू शकतात ते त्याचं दहावीचं वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपासून. त्याआधी मुलाने ईमेल पाठवायला हरकत नाही, पण कोच फार तर फॉर्मची लिंक किंवा कॅम्पची माहिती पाठवेल. नववीतल्या मुलीच्या ईमेलला उत्तर आलं नाही म्हणून रडारड झालेली मी पाहिली आहे. नियमच तसा आहे. डिव्हिजन थ्रीच्या कोचना ईमेलवर असं बंधन नाही. अमेरिकन फुटबॉल, बेसबॉल, सॉफ्टबॉल अशा काही खेळांच्या तारखा वेगळ्या आहेत, तेवढ्या एनसीएएच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

कॉल येण्याआधीचे कागद

नववीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. एनसीएएचं पात्रता केंद्र शाळेतले ठरावीक मूळ विषय मोजतं. डिव्हिजन वनसाठी असे १६ अभ्यासक्रम आणि त्यांत किमान २.३ जीपीए (चारपैकी सरासरी गुणांक) लागतो. एसएटी-एसीटी या प्रवेशपरीक्षांची पात्रतेसाठीची अट २०२३ च्या जानेवारीत निघाली, मात्र एखादं कॉलेज स्वतःच्या प्रवेशासाठी ती मागू शकतं. बारावीनंतर एक-दोन वर्षं नुसत्या स्पर्धा खेळून मग जायचा विचार असेल तर आधी चौकशी करा. टेनिसमध्ये उशिरा प्रवेश घेणाऱ्यांसाठी कडक नियम आहेत आणि खेळायची वर्षं कमी होऊ शकतात.

राज्याच्या किंवा एआयटीएच्या (अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या) रँकिंगवरून तिकडच्या कोचला फारसा बोध होत नाही. तो यूटीआर, म्हणजे मॅचच्या निकालांवरून ठरणारं खेळाडूचं रेटिंग, बघतो आणि आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) ज्युनिअरची क्रमवारी बघतो. मुलीला स्वतःचा यूटीआर, गेल्या सहा महिन्यांतले तीन चांगले विजय आणि दोन वाईट पराभव न बघता सांगता आले पाहिजेत. पोहणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट : तिकडचा कॉलेज हंगाम २५ यार्डांच्या तलावात होतो. त्यामुळे आपली ५० मीटर तलावातली वेळ सांगताना ती मीटरची आहे हे आधी सांगायचं.

व्हिडिओ पाच-सात मिनिटांचा पुरे. कॅमेरा कोर्टच्या मागे, जरा उंचावर, पूर्ण कोर्ट दिसेल असा. संगीत नको, स्लो मोशन नको. थोडी सर्व्हिस, थोडी व्हॉली आणि मग खऱ्या मॅचचे न कापलेले सलग दोन-तीन गेम. चुकलेले पॉइंटही राहू द्या, दोन पॉइंटच्या मधे मूल कसं वागतं हे कोच तिथेच बघतो.

ईमेल मुलाच्याच पत्त्यावरून जायला हवा, बाबांच्या ऑफिसच्या आयडीवरून नको. विषयाच्या ओळीत नाव, बारावी संपण्याचं वर्ष, यूटीआर आणि देश एवढं असावं. मजकूर दहा ओळींच्या आत, त्यातल्या दोन ओळी त्या कॉलेजबद्दल आणि संघाबद्दल. तेच पत्र चाळीस जणांना पाठवलंय हे कोचला पहिल्या ओळीत कळतं. असिस्टंट कोचलाही पाठवा, बहुतेक वेळा उत्तर त्याच्याकडूनच येतं. दोन आठवड्यांनी एखादा नवा निकाल कळवायच्या निमित्ताने पुन्हा लिहावं. जानेवारी ते मे हा सांघिक सामन्यांचा हंगाम. कोच तेव्हा संघाबरोबर फिरतीवर असतात, उत्तराला उशीर होतो.

सराव : आधी मराठीत

सगळ्यात जास्त उपयोग आम्हाला याचाच झाला, म्हणून यावर जास्त लिहिते.

पहिल्या कॉलनंतर आम्ही प्रश्नांची यादी काढली आणि इंग्रजीत उत्तरं लिहून पाठ करून घेतली. ती उत्तरं शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखी वाटायला लागली. मग तिचा मामा म्हणाला, "तिला आधी मराठीत बोलू दे की. जे मराठीत सांगता येत नाही ते इंग्रजीत कुठून येणार?" त्या रविवारी पोहे खाताना त्याने तिला विचारलं, "तू कशी खेळतेस ते मला सांग. मी टेनिस बघत नाही असं समज." ती म्हणाली, "बरी खेळते." तो म्हणाला, "बरी म्हणजे?" असं पाचदा झाल्यावर ती म्हणाली, "मामा, माझा फोरहँड जड आहे. समोरची मागे मागे जाते. पण मी नेटवर यायला घाबरते, त्यामुळे पॉइंट लांबतो आणि मी दमते." हे तिने तोपर्यंत कुणालाच असं सरळ सांगितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात तेच तिने इंग्रजीत, स्वतःच्या शब्दांत सांगितलं, तेव्हा एकही वाक्य पाठ केलेलं नव्हतं.

म्हणून सरावाचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा घरातल्या माणसासोबत मराठीत. नंतर तेच इंग्रजीत, फोनवर रेकॉर्ड करून. मुलाला रेकॉर्डिंग एकट्याने ऐकू द्या. "हं", "ॲक्च्युअली", "लाइक" किती वेळा आलं ते त्याचं त्याला कळतं. तिसऱ्यांदा मात्र मुलाला थोडा परका वाटेल असा कुणी गाठा : शाळेतल्या बाई, सोसायटीतले एखादे काका, आधी तिकडे खेळून आलेला एखादा दादा किंवा ताई. त्यांनी व्हिडिओ कॉलच लावायचा, समोरासमोर बसून नाही. आणि एक अडचणीचा प्रश्न न सांगता विचारायचा.

बारीक गोष्टी याच सरावात सुटतात. आपण 'हो' म्हणताना मान डोलावतो ती छोट्या स्क्रीनवर 'नाही'सारखी दिसते, म्हणून तोंडाने "येस" म्हणायची सवय. 'सर' किंवा 'मॅडम' ऐवजी 'कोच' म्हणायचं. तिकडे हेच आदराचं संबोधन आहे. प्रश्न समजला नाही तर "कोच, पुन्हा विचाराल का?" असं म्हणण्यात काही कमीपणा नाही. अमेरिकन उच्चार पटकन कळत नाहीत आणि न कळता "येस, येस" म्हटलं की पुढे पंचाईत होते.

कोच काय विचारतो

"तुझ्या खेळाबद्दल सांग" हा प्रश्न येतोच. एक बलस्थान, एक कच्चा दुवा आणि त्या कच्च्या दुव्यावर सध्या काय काम चाललंय, एवढं सांगावं. "माय विकनेस इज आय वर्क टू हार्ड" छापाचं उत्तर कोचने शंभरदा ऐकलेलं असतं.

"दुहेरी खेळतेस का?" हा प्रश्न आपल्याकडची मुलं हलका समजतात. कॉलेजच्या लढतीत आधी दुहेरीचे तीन सामने होतात, त्यातले दोन जिंकणाऱ्या संघाला एक गुण. मग एकेरीचे सहा सामने, प्रत्येकाला एक गुण. सातांपैकी चार गुण आधी मिळवेल तो संघ जिंकतो. म्हणजे दुहेरीच्या त्या एका गुणावर सगळी लढत फिरू शकते. ड्यूसनंतर (४०-४० झाल्यावर) ॲडव्हान्टेज नसतो, पुढच्याच पॉइंटला गेम. हे माहीत असलेली मुलगी "मला दुहेरीत नेटवर उभं राहायला शिकायचंय" म्हणते तेव्हा कोच खुर्चीत पुढे सरकून बसतो. लेकीने ते स्क्रीनवर पाहिलं आहे.

"दुखापत झाली होती का?" खरं सांगा. कधी झाली, कोणते उपचार घेतले, पुन्हा कधी खेळायला लागली. लपवलेली दुखापत तिकडच्या वैद्यकीय तपासणीत निघतेच, आणि मग शब्दाची किंमत जाते.

"आणखी कुणाशी बोलते आहेस?" यालाही खरंच उत्तर, पण सगळं उघड करायची गरज नाही. "तीन-चार कॉलेजांशी बोलणं चालू आहे, तुमचं माझ्या यादीत वर आहे" एवढं पुरे, आणि तेही खरंच वर असेल तरच. नसलेल्या ऑफर सांगू नका. कोच एकमेकांना ओळखतात.

"काय शिकायचंय?" इथे "बाबा म्हणतात इंजिनिअरिंग" असं उत्तर येऊ नये. ठरलं नसेल तर "गणित आणि अर्थशास्त्र यांत मन रमतं, पहिल्या वर्षी दोन्ही घेऊन बघेन" हे चालतं.

मुलाने विचारायचे प्रश्न

पाच प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवावेत. कॉलच्या शेवटी "तुला काही विचारायचंय?" असं कोच म्हणतो, तेव्हा "नो कोच, एव्हरीथिंग क्लिअर" म्हणणं ही मोठी चूक. आमच्या यादीत हे होतं : मी येईन त्या वर्षी किती खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडताहेत? आत्ताचा माझा खेळ पाहून तुम्ही मला संघात कितव्या क्रमांकावर बघता? संघातल्या कुणी इंजिनिअरिंग किंवा विज्ञान घेतलंय का, आणि प्रयोगशाळेची वेळ व प्रॅक्टिस एकदम आली तर काय करतात? दुखापत झाली तर फिजिओ आणि विमा कसा? संघातल्या एखाद्या परदेशी खेळाडूशी मला बोलता येईल का?

प्रयोगशाळेचा प्रश्न आपल्या घरांसाठी खास महत्त्वाचा. नियमाप्रमाणे हंगामात आठवड्याला २० तासांपर्यंत सराव आणि स्पर्धा असू शकतात, एक दिवस सुट्टी. प्रवासाचा वेळ वेगळाच. काही कोच स्पष्ट सांगतात की आमच्याकडे अमुक शाखा जमत नाही. ते आधीच कळलेलं बरं.

परदेशी खेळाडूशी झालेलं बोलणं सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. माझी लेक एका मुलीशी चाळीस मिनिटं बोलली. थंडी, जेवण, मेसमध्ये शाकाहारी काय मिळतं, हरल्यावर कोच कसा वागतो. शेवटचं उत्तर कुठल्याच संकेतस्थळावर सापडत नाही.

पैशाचं बोलणं

इथे आईबाबा बोलतील असं आपण गृहीत धरतो, पण पहिला प्रश्न मुलानेच विचारावा. साधं वाक्य पुरतं : "कोच, माझ्या कुटुंबाला खर्चाचा अंदाज घ्यायचा आहे. तुमच्याकडे माझ्यासाठी काय शक्य आहे?" तपशिलाचं बोलणं मग आईबाबांसह वेगळ्या कॉलवर होतं, आणि कोच बहुतेक वेळा तो स्वतःच ठरवतो. त्या आधी घरी बसून आकडा काढा : वर्षाला आपण खरोखर किती देऊ शकतो. "कुटुंब किती भरू शकेल?" असं कोच सरळ विचारतो आणि त्यावर "बघू, ठरवू" हे उत्तर होत नाही. आम्ही तो आकडा लेकीला सांगितला. कर्ज किती काढावं लागेल तेही सांगितलं. ती गप्प झाली, पण त्यानंतर तिची यादी तिनेच बदलली.

'पन्नास टक्के स्कॉलरशिप' म्हणजे कशाचे पन्नास टक्के, हे विचारा. फक्त फीचे की राहणं, जेवण, पुस्तकं धरून? एका वर्षापुरती की चार वर्षांची? दुखापतीत काय होतं? अलीकडे नियम बरेच बदललेत. एका मोठ्या न्यायालयीन तडजोडीला जून २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, आणि त्यात सामील झालेल्या डिव्हिजन वनच्या कॉलेजांना आता स्कॉलरशिपच्या संख्येवर नव्हे तर संघातल्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आहे. टेनिससाठी ती दहा. पूर्वी मुलांच्या टेनिसला साडेचार आणि मुलींच्याला आठ स्कॉलरशिपांची मर्यादा होती. त्यामुळे काही ठिकाणी पैसा वाढला, काही ठिकाणी जागा घटल्या. "तुम्ही त्या तडजोडीत सामील आहात का, आणि संघात किती जण ठेवता?" हा प्रश्न आता विचारायलाच हवा.

तोंडी ऑफर कुणालाच बांधून ठेवत नाही, तुम्हालाही नाही आणि कॉलेजलाही नाही. पूर्वीचं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे खेळाडू आणि कॉलेज दोघांना बांधणारं पत्र, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झालं. आता सही होते ती आर्थिक मदतीच्या करारावर. तो हातात येईपर्यंत सोसायटीत पेढे वाटू नका. कुणी जाहिरातीचे किंवा प्रायोजकाचे पैसे देऊ केले तर विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर काम करण्याची बंधनं आहेत, हे लक्षात ठेवून कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय काही स्वीकारू नका. आणि मिळणाऱ्या स्कॉलरशिपच्या टक्केवारीवर फी मागणारा एजंट दिसला तर उठून चालू लागा. एनसीएएच्या नियमांत ते बसत नाही आणि मुलाची पात्रताच धोक्यात येते.

कॉलच्या दिवशी

वेळ ठरवताना दोन्हीकडची वेळ लिहून पाठवा. उन्हाळ्यात आपण पूर्व किनाऱ्याच्या साडेनऊ तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेदहा. फोन चार्ज, वायफाय बंद पडलं तर मोबाइल डेटा, मागे साधी भिंत, तोंडावर उजेड. व्हॉट्सॲपवरचा फोटो आणि इन्स्टाग्राम आदल्या दिवशी मुलानेच बघून घ्यावं, कोच बघतोच. कुकर आणि टीव्ही अर्धा तास बंद.

आणि आईबाबा खोलीबाहेर. दार लावून. दाराशी कान लावूनही नाही. दुसऱ्या कॉलच्या वेळी लेकीने मला सांगितलं, "आई, तू खाली जा. तू घरात असलीस की मी तुझ्यासाठी बोलते." मी खाली जाऊन सोसायटीला चार फेऱ्या मारल्या. वर आले तेव्हा पस्तीस मिनिटं झाली होती आणि आतून हसण्याचा आवाज येत होता.

कॉल संपल्यावर लगेच "काय म्हणाला, किती देणार?" असं विचारू नका. मुलाला आधी दहा मिनिटं वहीत लिहू द्या : काय आवडलं, काय खटकलं, कोचने कोणतं आश्वासन दिलं. चार कॉलेजांशी बोलून झाल्यावर कुठला कोच काय म्हणाला ते आठवत नाही, तेव्हा ही वही कामी येते. त्याच रात्री चार ओळींचा आभाराचा ईमेल, त्यात बोलण्यातली एखादी नेमकी गोष्ट आणि मागितलेले कागद.

शेवटी एका कॉलेजला होकार द्याल तेव्हा बाकीच्यांना नकारही मुलानेच कळवायचा, आणि होकार दिला त्याच आठवड्यात. तिकडची जागा दुसऱ्या कुणासाठी मोकळी होत असते. "कोच, मी दुसरीकडे जायचं ठरवलंय. तुम्ही माझ्यासाठी वेळ काढलात, त्याबद्दल आभार." माझ्या लेकीने हे वाक्य दोन रात्री पुढे ढकललं. तिसऱ्या रात्री तिने ईमेल न करता फोनच लावला.